विश्वा, तू अर्ध्यावर सोडलेला तास

विश्वा,

काल प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि तुझं वेळापत्रक माझ्यापुढं सरकवलं. "बघा सर, तुमचे मित्र होते. काही मार्ग निघतो का बघा," म्हणाले. काय मार्ग निघणार? मी रसायनशास्त्राचा माणूस. तुझ्या गणिताच्या तासांपैकी एकही मला घेता येत नाही. पण तुझी पहिल्या वर्षाची पोरं तुझ्या वेळेला वर्गात येऊन बसतात. तास होणार नाही हे त्यांना माहीत आहे, तरी येतात. मी दारातून डोकावलो तर एक जण उभा राहिला, त्याच्या मागोमाग सगळे उठले. मी "बसा" म्हटलं आणि चालू पडलो. पुढं व्हरांड्यात आल्यावर लक्षात आलं, त्यांना कशासाठी बसायला सांगितलं ते मलाच ठाऊक नव्हतं.

वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणून मागं लागलेत. जन्म, शिक्षण, नोकरीत कधी लागलास, कुठल्या समित्यांवर होतास. ते सगळं ऑफिसात आहे, त्यांनी तिथूनच घ्यावं. मला तुझ्याशी बोलायचंय. खरं सांगायचं तर निम्मं भांडायचंय, आणि आता भांडायचाही कंटाळा आलाय.

तू मला इथं आणलंस हे आधी कबूल कर. विद्यापीठाच्या वसतिगृहात आपण एका खोलीत होतो. तू दिंद्रुडच्या शेतकऱ्याचा पोरगा, मी धारूरच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्याच्या घरचा. खोलीतल्या भिंतीवर तू कोळशानं ठिपके काढायचास, त्यांना रेघांनी जोडायचास, आणि रेक्टर आला की दोघं मिळून ओल्या फडक्यानं ती भिंत पुसायचो. तुझे मार्गदर्शक तुला तिथंच ठेवून घ्यायला तयार होते. तू धारूरच्या कॉलेजात नोकरी धरलीस. मी तेव्हा विचारलं, "कावून बे? इथं काय कमी हाय?" तर म्हणालास, "इथं गर्दी लई हाय लक्ष्या. तिकडं डोंगर हाय, शांतता हाय. चार तास शिकवायचं आणि मग दिवसभर वेळच वेळ." वर्षभरानं माझीही जागा निघाली तेव्हा तूच मला ओढून आणलंस. वेळच वेळ! पुढं कितीदा तरी मी स्टाफरूममध्ये पेपरांच्या गठ्ठ्यामागून तुला हे दोन शब्द ऐकवले, आणि तू हसायचास. शेवटी शेवटी हसायचा थांबला होतास.

पहिली काही वर्षं खरंच मिळाला वेळ. तू सकाळी सगळ्यांच्या आधी कॉलेजात यायचास. कोपऱ्यातली खोली उघडून घ्यायचास, खिडकीतून डोंगर दिसायचा तीच. रिकाम्या वर्गात फळ्यावर तुझं चालायचं. ठिपके, रेघा, मधूनच एखादं इंग्रजी अक्षर. पोरं यायला लागली की पुसून टाकायचास आणि त्याच फळ्यावर त्यांचा तास घ्यायचास. मी एकदा म्हटलं, राहू दे की, बघू दे पोरांना. तर म्हणालास, "अर्धवट हाय अजून. वर्गात नीट झालेलंच न्यावं." ही तुझी समजूत तेव्हा मला आवडली होती. आता तितकीशी आवडत नाही. ते पुढं सांगतो.

तुझं संशोधन काय आहे हे मला कधी नीट कळलं नाही, आणि कळलं असं नाटकही मी केलं नाही. माझ्या बापाला मात्र तू समजावून सांगितलं होतंस. आठवतं? बापू दवाखान्यात तपासणीसाठी गावात आले होते, तुझ्या घरी मुक्काम होता. तू त्यांच्यासमोर पाटीवर ठिपके काढलेस. हे धारूर, हे दिंद्रुड, ही परळी. ह्या रेघा म्हणजे रस्ते. आता गावांना रंग द्यायचे, पण रस्त्यानं जोडलेल्या दोन गावांना एकच रंग द्यायचा नाही. कमीत कमी किती रंग लागतील? बापूंनी बराच वेळ पाटीकडं पाहिलं.

"मास्तर, हे करून उपेग काय?"

"आता तरी काईच न्हाई, बापू."

"मंग बरं हाय," बापू म्हणाले. "कुणी चोरून तरी न्हेणार न्हाई."

तुला हे इतकं आवडलं की पुढं कुठंही परिषदेला गेलास तरी बोलायची सुरुवात त्यानंच करायचास. बापू गेले तेव्हा मी गावाकडं अडकून पडलो होतो. माझ्या प्रात्यक्षिकांच्या वेळी तू प्रयोगशाळेत जाऊन बसायचास. रसायनातलं तुला काही येत नव्हतं. "बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय कुणी काई वतायचं न्हाई," एवढं एकच वाक्य तू रोज म्हणायचास, असं पोरांनी मला नंतर सांगितलं. त्याचे आभार मानायचे राहिले. आपल्यात तसली रीतच नव्हती, त्यामुळं राहूनच गेले. आता मानतो.

मग तुझ्या विभागातले सर निवृत्त झाले आणि ती जागा भरलीच नाही. तिन्ही वर्षांचं गणित तुझ्या एकट्यावर आलं. मदतीला तासिका तत्त्वावर कुणीतरी यायचं, सहा महिन्यांत दुसरीकडं जागा मिळाली की निघून जायचं. त्यात प्रवेश समिती, परीक्षा, निवडणुकीचं काम, मूल्यांकन समिती येणार म्हणून फायली. तुझं अक्षर सुंदर, म्हणून फायलींवरची नावंसुद्धा तूच लिहायची. आणि एवढ्यातही तुझं आपलं चालूच. नापास झालेल्यांचा जादा तास. बस चुकलेल्यांचा वेगळा तास. मी म्हणायचो, "विश्वा, एक काहीतरी सोड. शिकवायचं तर शिकव, लिहायचं तर लिही. दोन्हीकडं अर्धा अर्धा होऊन मरशील."

"सोडू काय?" तू विचारायचास. अगदी मनापासून विचारायचास, जणू माझ्याकडं उत्तर आहे.

"जादा तास सोड."

"त्या पोरांना दुसरं कोण हाय बे?"

"मग ठिपके सोड."

यावर तू चहाचा कप खाली ठेवून उठायचास.

तरी तू ते पूर्ण केलंस. सकाळी सकाळी त्या कोपऱ्यातल्या खोलीत, वर्षानुवर्षं. बाहेरच्या देशातल्या एका चांगल्या नियतकालिकात तुझा पेपर स्वीकारला गेला. त्या दिवशी तू स्टाफरूममध्ये काही बोलला नाहीस. मला बाजूला घेऊन सांगितलंस, आणि माझा दंड इतका घट्ट धरलास की दुखला. आपल्याकडं पेपर म्हणजे तपासायचा पेपर. तुझा पेपर छापून येणार हे शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत मीच सांगत सुटलो. सहयोगी प्राध्यापकपदाची तुझी मुलाखत तोंडावर आली होती. वेळ जुळून आलीय असं सगळ्यांनाच वाटत होतं. शोभावहिनींनी पेढे केले होते.

त्यानंतरच्याच आठवड्यातली ती दुपार. मी प्रयोगशाळेतून बाहेर आलो तर तू व्हरांड्यातल्या पायरीवर बसलेला. तास चालू असायला हवा होता. वर्गातून पोरांचा गलका ऐकू येत होता. तुझ्या हाताला, शर्टाला खडू लागलेला.

"काय झालं? बरं वाटंना का?"

"लक्ष्या, ते चुकलंय."

"काय?"

"माझं. मधली पायरीच चुकलीय."

"कुणी सांगितलं?"

"सत्यभामानं."

"कोण सत्यभामा?"

"सेकंड इयरची. खिडकीपाशी बसती ती."

मग तू सांगितलंस. पुस्तकातलंच एक साधं प्रमेय तू शिकवत होतास. ठिपक्या-रेघांच्या जाळ्यातला एक ठिपका काढायचा, उरलेल्या लहान जाळ्याबद्दल आपल्याला आधीच माहीत आहे असं धरायचं, आणि मग काढलेला ठिपका परत बसवायचा. नेहमीची युक्ती. तूही तुझ्या पेपरात तीच वापरली होतीस. पोरांना सोपं जावं म्हणून तू गावंच घेतली, बापूंना सांगितलं होतंस तशी. फळ्यावर धारूर पुसलंस आणि म्हणालास, आता उरलेल्या गावांचं बघू. तेव्हा ती पोरगी उभी राहिली. तिचं गाव घाटाच्या पोटात, आडबाजूला. म्हणाली, "सर, आमच्या गावाला एकच रस्ता हाय. धारूरवरून. तुमी धारूरच पुसलं तर आमी कुठं जायाचं?"

वर्ग हसला. तू हसला नाहीस. पुस्तकातल्या प्रमेयाला त्यानं काही बिघडत नव्हतं, असं तू मला म्हणालास. पण तुझ्या प्रमेयाला जाळं अखंड असावं लागत होतं. मधला ठिपका काढला की जाळं तुटू शकतं, हे तू धरलंच नव्हतंस. वर्षानुवर्षं सकाळी त्या रेघांपुढं उभा राहिलास, परदेशातल्या तपासणाऱ्यांनी वाचलं, कुणाच्या नजरेस आलं नाही. तू खडू खाली ठेवलास, "आज इथंच थांबू" म्हणालास आणि बाहेर येऊन बसलास. तुझ्या सगळ्या नोकरीत तू तास अर्ध्यावर सोडल्याचं मला दुसरं आठवत नाही.

आपलं खरं भांडण त्या पायरीवर सुरू झालं, आणि ते मिटलं नाही.

तू म्हणालास, आजच संपादकांना कळवून पेपर मागं घेतो. मी म्हणालो, घे. पण आज कावून? मुलाखत होऊ दे. मग चूक कळव, दुरुस्ती पाठव, काय करायचं ते कर. तू काही चोरी केलेली नाहीस. मुलाखत दर वर्षी होत नाही.

"खोटा पेपर घेऊन बसू त्यांच्यापुढं?"

"खोटा न्हाई बे, चुकलेला. आणि चुकलाय का न्हाई हे तुलाच अजून नीट बघायचंय. महिनाभर थांब. जग बुडत न्हाई."

"जग न्हाई बुडत."

"मग?"

"मला उद्या त्या वर्गावर जायाचंय," तू म्हणालास.

आजही मला वाटतं, चूक कबूल करण्यात तुझी चूक नव्हती, घाई करण्यात होती. तू वरच्या पदावर असतास तर विभागात दोन माणसं मागून घेतली असतीस, त्या खुर्चीला थोडं तरी वजन असतं. तू थकलेलाही कमी असतास. कदाचित आज असतास. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, पण तुला माहीत होतं. तू पेपर मागं घेतलास. मुलाखतीत एक तज्ज्ञ म्हणाले, "इतक्या वर्षांत नाव घेण्यासारखं एकच काम, आणि तेही मागं घेतलेलं?" तू म्हणालास, "हो सर." बाहेर येऊन हे तू मला सांगितलंस तेव्हा मी चिडून विचारलं, एवढंच? वर्गाचं बोलायचंस की. किती पोरं तुझ्या हाताखालून गेली ते सांगायचंस. तू म्हणालास, "ते त्यांनी विचारलंच न्हाई." परतीच्या एसटीत तू खिडकीला डोकं टेकून झोपलास. घाट चढताना डोकं आपटत होतं तरी उठला नाहीस.

दुसरी गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटली नव्हती. ज्या वर्गाला तोंड दाखवायचं म्हणून तू एवढं केलंस, त्या वर्गाला तू काहीच सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी गेलास आणि पुढचा धडा काढलास. मी विचारलं होतं, "त्या पोरीला सांगितलं का? तिनं काय पकडलं ते?" तर म्हणालास, "दुरुस्त झालं की सांगतो. मोडकं काय दाखवू त्यांना?"

मी म्हटलं, "मोडकंच दाखव. रसायनात निम्मे प्रयोग फसतात, पोरं तेवढंच जन्मभर लक्षात ठेवतात."

"तुझं रसायन हाय. हे गणित हाय."

आणि तू हसलास, म्हणून मीही सोडून दिलं.

दुरुस्त व्हायला लई वर्षं लागली. सकाळची ती खोली आता तुला रोज मिळत नव्हती. एकदा तिथं परीक्षेचे गठ्ठे ठेवले, ते हललेच नाहीत. मग तू स्टाफरूममध्ये, बसस्टँडवर, परीक्षेच्या पर्यवेक्षणात येरझाऱ्या घालताना डोक्यातल्या डोक्यात करायचास. मध्ये वर्ष-दोन वर्षं तू त्याला हातच लावला नाहीस. त्या काळात एकदा, परीक्षेचं काम संपवून आपण किल्ल्याच्या रस्त्यानं चालत निघालो होतो, तू एकदम म्हणालास, "लक्ष्या, मी वर्गात असलो की वाटतं ठिपक्यांचा वेळ चाललाय. ठिपक्यांत असलो की वाटतं पोरांचा वेळ खातोय. झोपलो की दोन्हीचा." मी म्हटलं, सगळ्यांचं असंच असतं. तू म्हणालास, "सगळ्यांचं असतं म्हणून हलकं होतं का?" खाली परळीच्या बाजूला धुरकट होतं, तेवढं तू मला हातानं दाखवलंस.

शेवटी जे झालं ते आधीच्यापेक्षा लहान होतं. सगळ्या जाळ्यांसाठी नाही, काही ठरावीक जाळ्यांपुरतंच. तूच म्हणालास, "दहा पानांची तीन पानं झाली. पण ह्या तीन पानांवर उभा राहून नाच म्हण, नाचतो." ते छापून आलं तेव्हा पेढे झाले नाहीत. कुणाला सांगायचं नाही म्हणालास, पण मला एक प्रत काढून दिलीस आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंस. आभार मानलेल्या नावांत तुझ्या जुन्या मार्गदर्शकांचं नाव होतं आणि त्यांच्या आधी सत्यभामाचं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. एका प्रश्नासाठी, असं लिहिलं होतंस.

"आता तरी सांग तिला," मी म्हटलं.

तोवर तिचं लग्न होऊन ती परळीला गेली होती. नवरा-बायको हार्डवेअरचं दुकान चालवतात, इतकं तुला कुणीतरी सांगितलं होतं. परळी काही लांब नाही. तू म्हणालास, जाऊ कधीतरी, स्वतः जाऊन प्रत देतो, फोनवर सांगण्यात मजा नाही. मग प्रवेश सुरू झाले. मग परीक्षा. मग फायली. मी आठवण केली की तू म्हणायचास, "ह्या सुट्टीत नक्की." एकदा तर आपण निघालो होतो आणि प्राचार्यांचा फोन आला, उद्या समिती येतेय म्हणून. गाडी वळवून परत आलो.

तिच्याबद्दल तू एक गोष्ट मात्र अधूनमधून बोलायचास. म्हणायचास, "लई तेज पोरगी होती, पण तिसऱ्या वर्षाला गप झाली. कधी तोंड उघडलं न्हाई. ह्या पोरींचं असंच होतं बे. लग्न ठरायला लागलं की त्यांचं डोकं घरचेच बंद करून टाकतात." मी मान डोलवायचो. आपण दोघंही ते किती खात्रीनं बोलायचो.

आणि मग तू गेलास. पेपर तपासायला बाहेरच्या केंद्रावर गेलतास. सोबतचे म्हणाले, गठ्ठा संपत आला होता, सर म्हणाले जरा छातीत जड वाटतंय, पाणी मागितलं. अंबाजोगाईला नेताना वाटेतच. मी पोचलो तेव्हा शोभावहिनी बाकावर बसून होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणत होते एवढे पेपर झाले की सुट्टीच." मला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं वाटलं, आणि तेच अजून वाटतंय. दिंद्रुडला तुला पोचवून परतताना गाडीत मी झोपलो. तू मुलाखतीहून येताना झोपला होतास तसा. लोकांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

दहाव्याला ती तुझ्या घरी आली. मी तिला ओळखलं नाही. परळीच्या गाडीनं एकटीच आली होती, जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी वाचून. वहिनींना भेटली, बायकांत थोडा वेळ बसली, आणि निघताना अंगणात माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "सर, मी सत्यभामा. तुमी आमाला केमिस्ट्रीला होता."

मला वाटलं, हे काम तू माझ्यावर टाकून गेलास. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझ्यासाठी काहीतरी करता येणार होतं. मी तिला लिंबाखाली खुर्ची दिली, आत जाऊन तुझ्या बॅगेतली प्रत आणली आणि तिच्या हातात दिली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं स्वतःचं नाव वाचलं. परत वाचलं.

"हे माझं कावून?"

मी सांगितलं. जमेल तसं, रसायनाच्या माणसाला जमेल तेवढं. तू धारूर पुसलं होतंस, तिनं उठून विचारलं होतं आमी कुठं जायाचं, आणि त्यावरून तुला स्वतःची चूक सापडली. तू किती वेळा तिचं नाव घ्यायचास तेही सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं आता तिचे डोळे भरून येतील. मला तसंच व्हायला हवं होतं बहुतेक.

"प्रश्न मला याद न्हाई, सर," ती म्हणाली. "पण तो दिवस याद हाय. सर खडू ठिवून निघून गेलते."

"हो. तोच दिवस."

"सगळी मला म्हणाली, तू आगाऊपणा केला म्हणून सर गेले. मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला केबिनपाशी गेलते. सर लिहीत होते काईतरी, मान वर केली न्हाई. मी तशीच आले माघारी. मग मी वर्गात कधी काई इचारलंच न्हाई. तिसऱ्या वर्षी सर एकदा म्हणाले, सत्यभामा, तू बोलत न्हाईस आजकाल. मला वाटलं टोमणा मारला."

तू केबिनमध्ये काय लिहीत होतास ते मला माहीत आहे. संपादकांना पत्र लिहीत होतास, आजच म्हणाला होतास ते दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. त्या पत्राचा मसुदा तू मला दाखवला होतास, त्यात 'माझ्या एका विद्यार्थिनीने' असं होतं. दारात ती उभी होती आणि तू तिच्याबद्दल लिहीत होतास.

"सर रागावले नव्हते गं," मी म्हटलं. "उलट, तुझा अभिमान होता त्यांना. आयुष्यात इतका चांगला प्रश्न कुणी विचारला न्हाई म्हणायचे."

तिनं कागदांची नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली. माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला सरळ भाव सांगावा तशा साध्या आवाजात ती म्हणाली,

"मग तवाच सांगायचं की, सर."

मी तुझ्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं. तुझे तिन्ही वर्षांचे तास होते. मुलाखत गेली होती. फायली होत्या, परीक्षा होत्या, निवडणुकीचं काम होतं, आणि तुला तिच्यापुढं मोडकं काही न्यायचं नव्हतं, दुरुस्त करून मगच न्यायचं होतं. एकूण एक कारण खरं होतं, विश्वा. मी त्यातलं एकही तिला सांगितलं नाही. स्टँडपर्यंत तिच्यासोबत चालत गेलो, गाडी लागेपर्यंत उभा राहिलो.